दक्षिणेंतील गणिका आणि मुसलमानी धर्मोपदेश

कान्होपात्रेचें आख्यान ज्यानें ऐकिलें नाहीं असा वारकरी विरळा. बीडजवळील नारायणगड हें नगद नारायण महाराजांचें स्थान आमच्या भागांत धाकटी पंढरी म्हणून ओळखिलें जातें. तेथें काय किंवा प्रत्यक्ष पंढरपुरीं काय, मंगळवेढ्याच्या शामा गणिकेच्या या कन्येची कथा कीर्तनांत निघाली म्हणजे मुसलमानी सत्ता त्या कथेंत एकाच रूपानें प्रकट होते: बेदरचा बादशहा, त्याची अभिलाषा आणि कान्होपात्रेस धरून नेण्यासाठीं आलेले त्याचे शिपाई. महिपतीनें इ. स. १७६२ च्या सुमारास रचिलेल्या भक्तविजयानें ही कथा घरोघर पोंचविली. त्यामुळें श्रोत्यांच्या मनावर असा ठसा उमटतो कीं, गणिकेस विठ्ठलानें पदरांत घेतलें आणि मुसलमानानें केवळ तिची मागणी केली. आख्यानापुरतें हें ठीक आहे. परंतु बादशहा म्हणजे धर्म नव्हे. मुसलमानी धर्माचे उपदेशक शतकानुशतकें दक्षिणेंत वावरले; त्यांनीं या वर्गांतील स्त्रियांस कांहीं शिकविलें काय, शिकविलें तर कोणत्या मार्गानें, आणि शिकवून झाल्यावर त्यांस आपल्या समाजांत कितपत जागा दिली, हा प्रश्न आख्यान बाजूस ठेवून स्वतंत्रपणें विचारण्याजोगा आहे. ज्या बीड गांवीं महादजी शिंद्यांचे गुरु म्हणून प्रसिद्ध असलेल्या मन्सूरशाहांचा दर्गा आहे, तेथून चार कोसांच्या आंत राहणाऱ्या मनुष्यास तर तो सुचल्यावांचून राहात नाहीं.

आरंभीं शब्दांकडे पाहूं. या वर्गास आपल्या भाषेंत जीं नांवें आहेत त्यांत इतिहासाचे थर स्पष्ट दिसतात. गणिका, वारांगना, वेश्या हे शुद्ध संस्कृत शब्द. नायकीण हा ‘नायिका’ शब्दाचा मराठी अवतार. कलावंतीण हें कलेवरून पडलेलें नांव. कसबीण हा शब्द मात्र अरबी मुळाचा. ‘कस्ब’ म्हणजे मिळविणें, कमाई. त्यावरून कसब म्हणजे हुन्नर, कसबी म्हणजे कुशल कारागीर, आणि कसबीण म्हणजे देहविक्रय करणारी स्त्री. एकाच धातूपासून पुरुषाच्या वांट्यास स्तुति आली व स्त्रीच्या वांट्यास निंदा, ही गोष्ट व्याकरणाची असली तरी व्याकरणापुरती राहात नाहीं. तवायफ हा शब्दही अरबी असून ‘ताइफा’ म्हणजे समूह, टोळी, याचें तें अनेकवचन आहे. संस्कृतांत ‘गण’ आणि ‘गणिका’ यांचें जें नातें, तेंच परभाषेंत पुन्हां जुळून आलेलें पाहून मौज वाटते.

आपल्याकडील प्राचीन शास्त्रांनीं गणिकेच्या शिक्षणाचा विचार केला नाहीं असें नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत गणिकाध्यक्षाचा स्वतंत्र अध्याय आहे, व त्यांत गीत, वाद्य, नृत्य, पठन, लेखन इत्यादि विद्या गणिकांस शिकविणाऱ्या आचार्यांचा निर्वाह राजानें चालवावा असें सांगितलें आहे. परंतु हें सर्व शिक्षण कलांचें. धर्माचा त्यांत मागमूस नाहीं. राजास तिच्यापासून उत्पन्न हवें होतें, एवढा तो रोखठोक हिशेब. आठव्या शतकांत काश्मीरांत झालेल्या दामोदरगुप्ताच्या कुट्टनीमतांत वृद्ध कुट्टनी तरुण वेश्येस सविस्तर उपदेश करिते खरी, पण तो धनिकास वश कसें करावें याचा. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत तर गणिकेचें अन्न वर्ज्य अन्नांत गणिलें आहे. बौद्धांची रीत निराळी दिसते: वैशालीच्या अंबपालीनें दिलेलें आम्रवन बुद्धांनीं स्वीकारिलें, आणि थेरीगाथेंत तिच्या नांवावर गाथा आहेत. गणिकेनें दिलेलें घेतलें कीं नाकारिलें, ही कसोटी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ती पुढें उपयोगी पडणार आहे.

आतां मुसलमानी धर्मग्रंथांकडे वळूं. कुराणाच्या ‘नूर’ नांवाच्या चोविसाव्या सूरेंतील तेहतिसाव्या आयतींत, ऐहिक लाभासाठीं दासींवर बळजबरी करून त्यांस या धंद्यास लावूं नये अशी आज्ञा आहे; व ज्यांच्यावर अशी बळजबरी झाली त्यांच्याविषयीं ईश्वर क्षमाशील आहे असें तेथेंच सांगितलें आहे. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहांत या आयतीचें निमित्त दिलें आहे. मदिनेंतील अब्दुल्ला बिन उबई नांवाचा एक मातब्बर पुढारी मुसैका व उमैमा या आपल्या दोन दासींकडून हा धंदा करवीत असे. त्यांनीं त्याविषयीं महंमद पैगंबरांकडे गाऱ्हाणें नेलें. गाऱ्हाणें नेणाऱ्या त्या स्त्रियाच होत्या, आणि दोष करविणाऱ्याच्या माथीं गेला, या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. त्या दासींचीं नांवें टिकून राहिलीं हेंही कांहीं थोडें नाहीं. बखरींत व रोजनिशींत शेंकडों कुणबिणी व बटकी येतात. त्यांतील कितीजणींचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत?

याचा अर्थ तें शास्त्र व्यभिचाराविषयीं सौम्य आहे असा मात्र कोणी करूं नये. दंड कठोर आहे. परंतु दंडाबरोबरच तौबा म्हणजे पश्चात्तापपूर्वक परत फिरणें, याचें दार उघडें ठेविलेलें आहे. पंचविसाव्या सूरेंत व्यभिचारादि महापातकांचा उल्लेख करून लगेच असें म्हटलें आहे कीं, जो तौबा करील, श्रद्धा ठेवील व सत्कृत्य करील त्याच्या दुष्कृत्यांचें ईश्वर सत्कृत्यांत रूपांतर करील. बुखारी व मुस्लिम या दोघांनींही दिलेली एक लहानशी कथा मौलवी लोक अद्यापि सांगतात. एका वेश्येनें तहानेनें व्याकुळ झालेला कुत्रा विहिरीजवळ पाहिला. पायांतील जोडा ओढणीस बांधून तिनें पाणी काढिलें व त्यास पाजिलें. तेवढ्या कृत्यानें तिला क्षमा झाली. कुत्रा हा त्या समाजांत अस्पृश्यप्राय प्राणी आणि वेश्या ही अस्पृश्यप्राय स्त्री, तेव्हां या दृष्टांताची योजना सहज झालेली नाहीं हें उघड आहे.

याहून गंभीर प्रसंग जुहैना टोळींतील एका स्त्रीचा आहे. तिनें आपला व्यभिचार स्वतः येऊन कबूल केला. प्रसूति होईपर्यंत तिला थांबविण्यांत आलें व नंतर शास्त्राप्रमाणें देहदंड झाला. पुढें पैगंबरांनीं तिच्या प्रेतावर जनाज्याची नमाज पढली, तेव्हां उमर यांनीं विचारिलें कीं, अशा स्त्रीवर आपण नमाज कशी पढतां? तिनें जी तौबा केली ती मदिनेच्या सत्तर लोकांस वांटून दिली तरी पुरेल, अशा आशयाचें उत्तर पैगंबरांनीं दिलें. दंडाची कठोरता आजच्या वाचकास अस्वस्थ करील, आणि ती झांकून ठेवण्याचें कारणही नाहीं. पण अंत्यविधीचा प्रश्न त्याच वेळीं निघाला होता, व तो निःसंदिग्धपणें त्या स्त्रीच्या बाजूनें सुटला होता, ही गोष्ट पुढील विवेचनास अवश्य आहे.

ग्रंथांत असलेला उपदेश प्रत्यक्ष स्त्रीच्या कानापर्यंत पोंचावयाचा तर मध्यें कोणीतरी मनुष्य लागतो. दक्षिणेंत असा मनुष्य दोन रूपांनीं दिसतो: एक सरकारचा मुहतसिब आणि दुसरा खानकाहींतील पीर.

मुहतसिबाचें काम लोकांच्या नीतीवर देखरेख ठेवण्याचें. औरंगजेबानें इ. स. १६५९ त या पदावर स्वतंत्र अधिकारी नेमिला. सार्वजनिक स्त्रियांनीं एकतर विवाह करावा नाहींतर राज्य सोडावें असा हुकूम त्यानें काढिल्याचें मनुची हा व्हेनिसचा प्रवासी लिहितो. त्याच्यापूर्वीं अकबरानें निराळा मार्ग धरिला होता. राजधानीबाहेर या स्त्रियांची वस्ती करून तीवर दारोगा व कारकून नेमिले होते, व त्या वस्तीस शैतानपुरा असें नांव दिलें होतें, असें बदाऊनीच्या इतिहासावरून कळतें. एकानें नोंद करून ठेविलें, दुसऱ्यानें हांकून देऊं म्हटलें. दोघांपैकीं कोणाच्याही व्यवस्थेंत उपदेशास जागा नव्हती. विवाह करा म्हणणाऱ्या हुकुमांत त्यांच्याशीं विवाह कोण करणार याचा विचार दिसत नाहीं, व त्यांस या धंद्यांत आणिलें कोणी हेंही विचारलेलें नाहीं. वस्तुतः नूर सूरेंतील आयतीचा सारा भर त्याच प्रश्नावर आहे. हुकूम काढणारा बादशहा तरुणपणीं दक्षिणेचा सुभेदार असतां बऱ्हाणपुरीं हिराबाई जैनाबादी नांवाच्या एका गाणाऱ्या दासीवर लुब्ध झाला होता, व ती अल्पवयांत वारल्यावर औरंगाबादेस तिचें दफन झालें, ही हकीकत ‘मआसिर-उल-उमरा’त आली आहे. ती येथें बादशहास हिणविण्यासाठीं दिलेली नाहीं. फर्मान काढणाऱ्यास हा वर्ग ऐकून नव्हे, पाहून ठाऊक होता, इतकेंच तीवरून निघतें.

पीराची पद्धति निराळी. दक्षिणेंतील चिश्ती परंपरेचें मूळपीठ खुलताबाद. तेथें बुऱ्हाणुद्दीन गरीब यांनीं इ. स. १३३७ त देह ठेविला. निजामुद्दीन औलियांचीं संभाषणें ‘फवाइद-उल-फुआद’ या ग्रंथांत टिपून ठेवणारा कवि अमीर हसन सिजजी हाही देवगिरीस आला व खुलताबादेसच पुरला गेला. गुरूचे बोल प्रसंगासह उतरून घेण्याची ही ‘मल्फूजात’ पद्धति ज्यांनीं महानुभावांचें लीळाचरित्र वाचिलें आहे त्यांस परकी वाटणार नाहीं. या परंपरेंत उपदेशाचा आरंभ बैअतीनें, म्हणजे गुरूच्या हातीं प्रतिज्ञा घेण्यानें होतो. पुरुष हातांत हात देऊन ती घेतात. स्त्रियांच्या बाबतींत हस्तस्पर्श टाळावयाचा म्हणून पाण्याच्या भांड्यांत हात बुडविण्याची अथवा वस्त्राचें एक टोंक तिच्या हातीं देण्याची रीत पडली.

स्त्रियांच्या या प्रतिज्ञेचा मजकूर कुराणाच्या साठाव्या सूरेंतून आलेला आहे, व तो बारकाईनें पाहण्याजोगा आहे. ईश्वरास भागीदार मानणार नाहीं, चोरी करणार नाहीं, व्यभिचार करणार नाहीं, आपल्या अपत्यांस मारणार नाहीं, खोटें कुभांड रचणार नाहीं, आणि योग्य गोष्टींत आज्ञाभंग करणार नाहीं, असे तिचे सहा भाग. सामान्य गृहिणीस यांतील कांहीं कलमें केवळ म्हणावयाचीं. गणिकेच्या घरांत मात्र त्यांतील एकूणएक कलम रोजच्या जगण्याशीं भिडतें. म्हणूनच माझ्या मतें गणिकेस दिलेला धर्मोपदेश शोधावयाचा तो मदरशांत नव्हे. तिला मदरशाचें दार बंदच होतें. तो या प्रतिज्ञेंत शोधावा. यांत पीर तिला कोणत्या घरांतून आलीस असें न विचारतां प्रतिज्ञेपासून पुढचा हिशेब धरितो. कान्होपात्रेच्या कथेशीं येथें एक फरक पडतो. वारकरी परंपरा कान्होपात्रेस कोणी गुरु दिल्याचें सांगत नाहीं. ती एकटी देवाकडे जाते व त्याच्या पायांशीं संपते. मंदिरांतील तरटीचें झाड तेवढें मागें राहतें. सूफी मार्गांत गुरूवांचून पाऊल पडत नाहीं. कोणता मार्ग थोर हा वाद मी येथें काढीत नाहीं. ज्या मार्गांत मनुष्य मध्यें आहे त्याचे कागद राहण्याचा संभव अधिक, एवढेंच इतिहासाच्या अभ्यासकास त्यांतून घेण्यासारखें आहे.

अक्षरशून्य स्त्रीपर्यंत पोंचण्याचा आणखी एक मार्ग दक्षिणी भाषेंतील पद्यांचा. विजापूरच्या चिश्ती परंपरेंत मीरांजी शम्सुल-उश्शाक, बुऱ्हाणुद्दीन जानम व अमीनुद्दीन आला अशा तीन पिढ्या झाल्या. त्यांच्या अनुयायांच्या वर्तुळांत चक्कीनामा व चरखानामा या प्रकारचीं गीतें तयार झालीं. जात्याचा खुंटा, पाळ्या, आंस यांवर एकेका धर्मतत्त्वाचें रूपक बसवून दळतां दळतां तें तत्त्व तोंडीं बसवावयाचें ही त्यांची रचना. रिचर्ड ईटन यांनीं विजापूरच्या सूफींवरील आपल्या १९७८ सालच्या ग्रंथांत, दक्षिणेंतील इस्लामचा प्रसार स्त्रियांच्या द्वारें घरांत कसा शिरला हें याच गीतांवरून दाखविलें आहे. आमच्या जात्यावरच्या ओव्यांशीं यांचें सख्खें नातें आहे, हें मराठी वाचकास सांगावें लागत नाहीं. हीं गीतें कष्टकरी बायकांसाठीं होतीं. गणिकेसाठीं मुद्दाम रचिलेलीं नव्हतीं. परंतु गाणें हाच जिचा व्यवसाय, तिच्या कानावर गाण्यांतून आलेला धर्म सर्वांच्या आधीं पडला असल्यास नवल नाहीं.

दर्ग्यांत या स्त्रिया येत असत याविषयीं शंका नाहीं. मूळचा संगमनेरचा व पुढें औरंगाबादेचा सुभेदार झालेला दर्गाह कुली खान हा निजाम-उल-मुल्काबरोबर इ. स. १७३८ ते १७४१ या काळांत दिल्लीस होता. त्यानें तेथील दर्गे, उरूस, कव्वाल व नूरबाईसारख्या नामांकित तवायफा यांचें वर्णन एकाच ग्रंथांत, एकाच ओघांत लिहिलें आहे. त्याला त्यांत विसंगत असें कांहीं वाटलें नाहीं. मोहरमाच्या दिवसांत महफिली बंद ठेवून मजलिस भरविण्याची व सोज म्हणण्याची तवायफांची चाल लखनौप्रमाणेंच हैदराबादेसही होती. मिर्झा रुसवांच्या ‘उमराव जान अदा’ या इ. स. १८९९ च्या कादंबरींत कोठ्यावरील मुलींस अक्षरें शिकविणारा मौलवी आहे. कादंबरीस पुरावा म्हणतां येत नाहीं, पण लेखकास तें पात्र घालतांना वाचक हंसतील असें वाटलें नाहीं, एवढा पुरावा तींत निश्चित आहे.

या सर्वांचें एकत्र दर्शन ज्या एका स्त्रीच्या चरित्रांत होतें ती म्हणजे हैदराबादची माहलका बाई, मूळ नांव चंदाबीबी (इ. स. १७६८–१८२४). बीड परगणा त्या काळीं निजामाच्या राज्यांत होता, व तो इ. स. १९४८ पर्यंत तसाच राहिला. तेव्हां ती आमच्याच दरबारची म्हणावयाची. तिच्या चरित्रकारांनीं दिलेल्या हकीकतीप्रमाणें तिची मातामही गुजराथेंतील बऱ्या घरची. पति परागंदा झाल्यावर मुलींसह ती भगतियांच्या ताफ्याच्या आश्रयास गेली व मुली नाचगाणें शिकल्या. पुढें बऱ्हाणपूर व औरंगाबाद या मार्गानें हें कुटुंब हैदराबादेस आलें. म्हणजे येथेंही मूळ कारण पाहूं गेल्यास तें स्त्रीच्या इच्छेंत सांपडत नाहीं. ज्यानें घर सोडिलें त्या पुरुषाकडे बोट जातें. चंदाची आई राजकंवरबाई गर्भवती असतां मौला अलीच्या डोंगरावर दर्शनास गेली, तेथें गर्भ संकटांत आला व अलींच्या कृपेनें तरला, अशी कुटुंबांतील श्रद्धा होती. तजल्ली अली शाह हा सूफी वृत्तीचा कवि-चित्रकार त्या वेळीं बरोबर होता असें सांगतात. तें स्थान कुतुबशाहीच्या वेळेपासूनचें. याकूत नांवाच्या दरबारी खोजास स्वप्नांत हजरत अली दिसले व इब्राहिम कुतुबशाहानें तेथें वास्तु उठविली, अशी त्याची मूळकथा आहे.

चंदा वाढली ती दिवाण रुक्नुद्दौला याच्या आश्रयास असलेल्या आपल्या बहिणीच्या घरीं. उत्तम ग्रंथसंग्रह, घोडेस्वारी, तिरंदाजी, संगीत आणि काव्य अशा सर्व अंगांनीं ती तयार झाली. निजाम अलीखानाच्या स्वाऱ्यांत ती बरोबर असे. तिचा उर्दू दीवान इ. स. १७९८ त सिद्ध झाला व त्याची एक प्रत तिनें दुसऱ्या वर्षीं जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यास नजर केली. स्त्रीचा पहिला उर्दू दीवान म्हणून त्याची ख्याति पुष्कळ दिवस होती. पुढें लुत्फुन्निसा इम्तियाज हिचा दीवान किंचित् आधींचा ठरला. आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट अशी कीं, शृंगारानें भरलेल्या तिच्या गझलांचा शेवट वारंवार अलींच्या धांव्यानें होतो. दरबारासाठीं वरचे शेर व स्वतःसाठीं शेवटचा, असा हा विभाग मला वाटतो.

ती शिया मतानुसारी होती. त्या मतांत ठराविक मुदतीचा विवाह, मुता, शास्त्रसंमत आहे, व तवायफांच्या घरांतून त्याचा आश्रय घेतला जात असे. सुन्नी पंडित यास पळवाट म्हणतात. मला स्वतःला असें वाटतें कीं, या रूढीनें शास्त्र वांकविलें असेल, परंतु त्याबरोबर त्या स्त्रीस शास्त्राच्या कक्षेंत राहिल्याचें समाधानही दिलें. आणि शिष्याला कक्षेबाहेर न ढकलणें हें शिक्षकाचें अर्धें काम असतें.

मौला अलीच्या पायथ्याशीं तिनें इ. स. १७९२ त आईची कबर, बाग व हौद बांधविला. तेथें जत्रेस येणाऱ्यांची सोय केली. अनेक मुलींस आश्रयास ठेवून शिकविलें. मृत्यूनंतर आपली संपत्ति निराश्रित स्त्रियांकडे जावी अशी तिची इच्छा होती, असें परंपरा सांगते. अडिकमेट येथील तिच्या जहागिरीच्या भूमीवर पुढें उस्मानिया विद्यापीठ उभें राहिलें. आईशेजारींच तिला मूठमाती मिळाली; ती वास्तु २०१०-११ सालीं दुरुस्त झाली. धर्मानें तिची जकात घेतली, तिची नियाज घेतली, तिला जमीन दिली. पण ती माहलका होती. तिच्या दारीं दिवाण येत असत. तीच कसोटी कोणत्याही शहराच्या गल्लींतील कसबिणीस लाविली तर काय दिसतें?

येथें दानाचा प्रश्न येतो. हदीसग्रंथांत कुत्र्याची किंमत, भविष्य सांगणाऱ्याची दक्षिणा व वेश्येची कमाई या तिन्हींस एकत्र मनाई आहे. मनूच्या निषेधाशीं हा निषेध समांतर जातो. कोठल्याही देशांतील शास्त्रकारांस तिच्या पैशाची धास्ती सारखीच. यांतून मार्ग म्हणून हनफी पंडितांनीं युक्ति सुचविली: तिनें कोणाकडून स्वच्छ पैसा कर्जाऊ घ्यावा, त्यानें धर्मकृत्य करावें, व कर्ज आपल्या कमाईंतून फेडावें. ही युक्ति वाचून आपल्याकडील प्रायश्चित्तांचीं प्रतिनिधिद्रव्यें आठवतात. शास्त्रास तोंड फिरवितां येतें, पण पैसाही सोडवत नाहीं.

या प्रश्नाची उभी साक्ष दिल्लींत हौज काझीजवळ आहे, आणि तिचा धागा पुण्याशीं जुळतो. मुबारक बेगम ही मूळची पुण्याची. ब्राह्मण घरांत जन्मून दासी म्हणून विकली गेली व नंतर मुसलमान झाली असें तिच्याविषयीं सांगतात. पेशवाईंत कुणबिणी व बटकी यांचा उघड क्रयविक्रय होत असे हें सुप्रसिद्धच आहे, तेव्हां ही हकीकत अशक्य कोटींतील नाहीं. नाचणारी म्हणून दिल्लीस गेलेली ही स्त्री तेथील इंग्रज रेसिडेंट डेव्हिड ऑक्टरलोनी याच्या घरीं सर्वांत प्रबळ झाली. इ. स. १८२२-२३ च्या सुमारास तिच्या नांवानें तांबड्या दगडाची तीन घुमटांची मशीद उभी राहिली. लोकांनीं त्या मशिदीस जें नांव ठेविलें तें छापण्याजोगें नाहीं, पण ‘रांड’ शब्दाचें तें हिंदुस्थानी रूप आहे. आणि पिढ्यानुपिढ्या दिल्लीकर त्याच नांवानें तिचा पत्ता सांगत आले. नमाज मात्र तेथें अखंड चालली. म्हणजे प्रार्थना स्वीकारिली, वास्तु स्वीकारिली, आणि देणारीस शिवी दिली. लाहोरांत रणजितसिंगाच्या मोरां नांवाच्या नायकिणीनें बांधविलेल्या मशिदीचीही अशीच गत झाली. तीसही तवायफांची मशीद हेंच नांव पडलें होतें, व पुढें तें बदलून माई मोरांचें करण्यांत आलें. दिल्लीच्या मशिदीचा एक घुमट २०२० च्या जुलैंतील पावसांत पडला, तेव्हां वर्तमानपत्रांतून मुबारक बेगमेचें खरें नांव पुन्हां एकदां वाचावयास मिळालें.

इंग्रजी अमलांत उपदेशाचा प्रश्नच मागें पडला. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यानें या स्त्रियांची नोंद व वैद्यकीय तपासणी सुरू केली. सरकारला काळजी होती ती गोऱ्या शिपायांच्या प्रकृतीची. तो कायदा १८८८ त रद्द झाला. मुंबईंतील कामाठीपुरा ज्या कामाठी मजुरांवरून म्हणतात ते निजामाच्या राज्यांतूनच आलेले. पुढें त्या वस्तीस निराळीच ख्याति मिळाली. नोंदवहींत स्त्रीचा देह आला. तिची तौबा कोणत्याही रकान्यांत बसणारी नव्हती.

आमच्या काळांत या विषयाकडे पुन्हां लक्ष गेलें आहे तें मुसलमान बहुसंख्य असलेल्या देशांत. जाकार्ता शहरांत क्रामात तुंगाक नांवाची मोठी वेश्यावस्ती सरकारी देखरेखीखालीं चालत असे. १९९९ च्या अखेरीस ती बंद करून त्याच जागीं इस्लामी केंद्र व मशीद बांधण्यांत आली. जागेची तौबा झाली असें म्हणावें. त्या जागेवरून ज्या उठविल्या गेल्या त्यांची सोय एका इमारतीनें होण्यासारखी नव्हती.

याहून बोलकी हकीकत बांगला देशांतील दौलतदियाची आहे. पद्मा नदीच्या कांठीं असलेल्या या मोठ्या वस्तींत कोणी स्त्री मेली तर मौलवी जनाजा पढावयास येत नसत. प्रेत रात्रीं नदींत सोडीत किंवा निनांवी खड्ड्यांत पुरीत. सुन्नी सिद्धांताप्रमाणें पातकी मुसलमान हा मुसलमानच राहतो. महापातकानें मनुष्य धर्माबाहेर जातो हें मत खारिजींचें, व सुन्नी पंडितांनीं तें पहिल्या शतकांपासून खोडून काढिलें आहे. जनाज्याची नमाज तर समाजावर सामुदायिक कर्तव्य म्हणून लागू आहे. तें कोणीच केलें नाहीं तर दोष सर्वांस लागतो. उमर यांच्या प्रश्नास मिळालेलें उत्तर या मौलवींनीं विद्यार्थिदशेंत पाठ केलेलें असलेंच पाहिजे. तरी २०२० च्या फेब्रुवारींत स्थानिक पोलिस अधिकाऱ्यानें मध्यें पडून इमामाचें मन वळविलें, तेव्हां प्रथमच त्या वस्तींतील एका वृद्धेस रीतसर जनाजा मिळाला. शेंकडों स्त्रिया तेथें रडत जमल्या होत्या. पुढें लोकांनीं टीका केली, आणि त्या इमामानें पुन्हां असें करणार नाहीं असें सांगितलें. पोलिसानें धर्मशास्त्र आठवावें व इमामानें विसरावें, असा हा विपरीत प्रकार आहे. मुहतसिब आणि पीर यांचीं सोंगें येथें अदलाबदल झालेलीं दिसतात.

दक्षिणेंतील स्थिति कोणत्या बाजूची होती हें ठरवावयाचें तर कोणते कागद पाहावे, याविषयीं चार शब्द लिहितों. दर्ग्यांच्या मुजावरांकडे उरुसाच्या नजराण्याच्या व लंगराच्या वह्या असतात. त्यांत नायकिणींच्या नांवें आलेली रक्कम, तिचा स्वीकार व विनियोग हे तिन्ही रकाने पाहावे. इनामाच्या सनदांत दर्ग्याच्या सेवेबद्दल गाणाऱ्या स्त्रीस जमीन दिली असल्यास सनदेंतील तिचा उल्लेख कोणत्या शब्दानें केला आहे हें मुद्दाम टिपावें; कलावंतीण, कसबीण, कीं नुसतें ‘बाई’. दफनभूमींच्या सीमेबाहेर सुटी राहिलेलीं जुनीं थडगीं, विशेषतः मिरज, बीड, औरंगाबाद व परांडा या गांवांलगतचीं, कोणाच्या नांवानें ओळखिलीं जातात हें तेथील म्हाताऱ्यांकडून विचारून घ्यावें, कारण तीं नांवें कागदांत उतरलेलीं नसणारच. मजकूर मोडी, फारसी किंवा दक्षिणी कोणत्याही लिपींत असला तरी चालेल. ज्यांच्या संग्रहीं असें कांहीं असेल त्यांनीं मूळ कागद आपल्यापाशींच ठेवून त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी, व नकलेंत स्त्रीचें नांव असल्यास तें सभ्यतेच्या समजुतीनें गाळूं नये.